आधी चौकशी, मग पार्ट

सारंगखेड्यात घोड्याचं सामान मिळत नाही असं कधी होत नाही. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरला की तापीकाठी खोगीर, लगाम, रिकिबी, नाल, घुंगरमाळा असं जे मागाल ते दोरीवर टांगलेलं दिसतं. मारवाडी घोड्याचा मालक परराज्यातून आला तरी रिकाम्या हाताने परत जात नाही. पण याच गावात राहून येझदी मोटारसायकलची क्लच प्लेट मागून बघा. दोंडाईचा, शहादा, नंदुरबार अशी तीन गावं पालथी घातली तरी काउंटरवरून एकच प्रश्न येतो, ‘स्प्लेंडरची देऊ का?’

यात त्या दुकानदारांचा दोष नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून पहिली जावा १९६१ साली बाहेर पडली, १९७३ पासून गाडीवर ‘येझदी’ हे नाव आलं आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागलं. २०२२ मध्ये येझदी नावाच्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या खऱ्या, पण त्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक. जुन्या टू-स्ट्रोक गाडीला त्यांच्या इंजिनाचा काही उपयोग नाही. त्यामुळे जुन्या गाडीवाल्यांची सगळी मदार असते ती फक्त या गाड्यांचाच माल ठेवणाऱ्या मोजक्या दुकानांवर. काही पुण्यात, काही दिल्लीच्या करोल बागेत, काही म्हैसूर-बंगळुरूकडे.

माझ्या येझदी रोडकिंगच्या पाटीवर अजून धुळ्याचा एमएच-१८ आहे. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला, गाडी त्याच्या आधीची. तेव्हापासून तिच्यासाठी अशा दुकानदारांशी फोनवर, चिठ्ठीवर, समक्ष बराच व्यवहार झाला. काही माणसं सोन्यासारखी भेटली, काहींनी चुना लावला. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने देतो. गाडी बुलेट असो, राजदूत असो की आरएक्स १००, फारसा फरक पडणार नाही.

१. फोन लावण्याआधी गाडीची कुंडली मांडा

‘येझदीचा पिस्टन आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. येझदी म्हणजे रोडकिंग, क्लासिक, ऑइल किंग, मोनार्क की डिलक्स? पिस्टन स्टँडर्ड हवा की ओव्हरसाइज? ब्लॉकला बोअर मारला की पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातो: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. तुमच्या गाडीचे किती बोअर झालेत ते दुकानदाराला पुण्यात बसून कसं कळणार? जुना पिस्टन काढला की त्याच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, तो आधी वाचा.

मी एक छोटी वही केली आहे. पहिल्या पानावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, मॉडेल आणि नोंदणीचं साल. पुढे कोणता पार्ट कधी बदलला, कुठून आला, किती पैसे लागले. फोन लावताना ती वही समोर असते. दुकानदारालाही आवाजावरून समजतं की समोरचं गिऱ्हाईक वेळ घालवायला आलेलं नाही. चांगली सेवा मिळण्याची सुरुवात आपल्या बाजूने अशी होते.

आणि हो, बोअर मारायचा असेल तर आधी पिस्टन हातात येऊ द्या. बोअरिंगवाला पिस्टन मोजून ब्लॉक कापतो. ब्लॉक आधी कापून मग त्या मापाचा पिस्टन शोधत फिरलात तर गाडी पावसाळाभर गोठ्यात उभी राहील.

२. जो उलट प्रश्न विचारतो, त्याच्याकडून घ्या

एका उन्हाळ्यात गाडी पांढरा धूर ओकायला लागली. गावातला मिस्तरी म्हणाला, रिंगा गेल्या, पिस्टन किट मागवा. पुण्याच्या नाना पेठेतल्या एका दुकानात फोन लावला. पलीकडे साठीच्या पुढचे काका. किटची किंमत विचारली तर त्यांनी किंमत सांगितलीच नाही.

‘धूर पांढरा म्हणता. सकाळी चालू करताना येतो, की गाडी तापल्यावरही?’

‘तापल्यावरही येतो, काका.’

‘गिअरचं ऑइल कमी होतंय का? बोल्ट उघडून बघा आणि मग फोन करा.’

पाहिलं तर पातळी चांगलीच उतरलेली. खाली थेंब नाही, म्हणजे गळतीही नाही. पुन्हा फोन केला.

‘मग पिस्टन राहू द्या. क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील गेलंय. गिअरचं ऑइल इंजिनात ओढलं जाऊन जळतंय. सील पाठवतो. ते बदला, आणि तरीही धूर राहिला तरच किटचं बघू.’

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंना सील असतं. गिअरबॉक्सच्या बाजूचं गेलं तर ऑइल आत येतं आणि धूर होतो. दुसऱ्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते आणि ॲक्सिलेटर सोडला तरी गाडी आपोआप पळू पाहते. काकांना हे पाठ होतं. त्या दिवशी त्यांनी महागाचं किट विकायचं सोडून स्वस्तातलं सील विकलं. धूर गेला. त्यानंतर त्या दुकानाचा भाव मी कधी दुसरीकडे ताडून पाहिला नाही.

घोड्यांच्या बाजारातही जाणती माणसं हेच करतात. दात, भोवरा, चाल हे सगळं बघतातच, पण विकणाऱ्याने ‘कशासाठी हवाय, शर्यतीला की लग्नाच्या वरातीला?’ असं विचारलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

३. ‘नाही’ म्हणणाऱ्याचा नंबर जपून ठेवा

येझदीची एक गंमत आहे. किक आणि गिअर एकाच दांड्याने चालतात. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की खाली फिरवून पुन्हा गिअर. नव्या पोराला गाडी दिली तर तो किक शोधत बसतो. एवढं काम एकाच दांड्यावर आलं की आतले दाते झिजणारच.

ते दाते झिजले तेव्हा दोन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला, ‘एक नंबर माल आहे, डोळे झाकून घ्या.’ दुसरा म्हणाला, ‘माझ्याकडे आहे, पण देणार नाही. सध्या जो येतोय त्याला पाणी नीट दिलेलं नाही, दाते मऊ आहेत. महिना-दोन महिन्यांत परत फोन कराल आणि मला शिव्या द्याल. जुना मिळाला तर कळवतो.’

ज्याच्याकडे प्रत्येक वस्तू ‘आहे’ आणि प्रत्येक वस्तू ‘एक नंबर’, त्याला मालाची पारख नसते किंवा तुमची पर्वा नसते. दोन्हींत नुकसान आपलंच. दुसऱ्या दुकानदाराचा फोन खरंच आला, बऱ्याच उशिरा, पण आला. तोवर मी गाडी ढकलून चालू करत होतो, त्याचं काही वाटलं नाही.

४. सगळं खास दुकानातून घ्यायचं नसतं

बेअरिंगवर नंबर असतो आणि तो जगभर एकच असतो. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७ आणि जाडी १४. ते येझदीत बसवा, पाण्याच्या मोटारीत बसवा, माप तेच. ऑइल सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते. आपल्याकडे शेतीपंप आणि ट्रॅक्टर यांच्या जिवावर बेअरिंगची दुकानं तालुक्यातालुक्यात चालतात. तिथे नामांकित कंपनीचं बेअरिंग बिलासह मिळतं.

फक्त नंबराच्या पुढची अक्षरंही उतरवून घ्या. क्रँकच्या बेअरिंगवर बहुधा ‘सी३’ असं लिहिलेलं असतं. त्यात गोळ्यांना जरा जास्त जागा सोडलेली असते, कारण इंजिन तापतं आणि धातू फुगतो. साधं बेअरिंग घातलं तर तापल्यावर आवळतं.

हे ज्ञान मला एका खास दुकानदारानेच दिलं. ‘बेअरिंग माझ्याकडून कशाला मागवता? कुरिअरचे पैसे वाया. तिकडेच घ्या,’ म्हणाला. त्याचं नुकसान झालं असं वाटेल, पण बाकीचा सगळा माल मी आजही त्याच्याकडूनच घेतो.

५. ‘ओरिजिनल’ या शब्दावर भाळू नका

बंद पडलेल्या गाडीच्या बाजारात माल तीन प्रकारचा असतो. पहिला, कारखाना चालू असताना बनलेला आणि कुठल्यातरी डीलरच्या माळ्यावर पडून राहिलेला. दुसरा, आज नव्याने बनवलेला. तिसरा, मोडीत गेलेल्या गाडीतून काढलेला. तिन्ही ‘ओरिजिनल’ म्हणून विकले जातात, म्हणून नेमका प्रश्न विचारा: यातला कोणता?

लोखंडाचा पार्ट पहिल्या प्रकारचा मिळाला तर आनंदाने घ्या. पण रबराला वय असतं. तीस वर्षं पाकिटात पडून राहिलेलं सील न वापरताही कडक होतं. बोटाने दुमडून बघा, परत जागेवर येत नसेल तर ते शोभेपुरतं. रबर, पॅकिंग, पेट्रोलची नळी हे नवंच हवं. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय आणि जुन्या गाड्यांचं रबर ते सोसेलच असं नाही. म्हणून ‘नळी आणि कार्ब्युरेटरचं पॅकिंग इथेनॉलला चालेल ना?’ हे विचारून घ्या. जाणत्या दुकानदाराकडे उत्तर तयार असतं.

पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-साल, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असायला हवा, हा वजन-मापाचा कायदा सांगतो. कोऱ्या पिशवीतून आलेल्या मालाला मायबाप नसतो.

६. पैसे आधी पाठवायचे, पण उघड्या डोळ्यांनी

लांबच्या दुकानदाराला आगाऊ पैसे द्यावेच लागतात, त्याला इलाज नाही. पण दुर्मिळ पार्टच्या नावाने फसवणारेही बरेच आहेत. दुसऱ्याच्या दुकानातला फोटो उचलायचा, निम्मा भाव सांगायचा आणि ‘आत्ता पाठवा, तीन जण मागतायत’ असं म्हणून घाई करायची, ही त्यांची रीत. अशाच एकाने मला एकदा सायलेन्सरच्या जोडीचे फोटो पाठवले होते. म्हटलं, त्याच जोडीशेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून फोटो काढा. पुढे त्याचा फोन लागला नाही.

पैसे पाठवायचा कोड स्कॅन केल्यावर खात्याचं नाव दिसतं. ते दुकानाच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळतं का ते बघा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

बिल मागताना संकोच नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी तो २८ होता. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ ही ऑफर गोड लागते. पण उद्या भांडायची वेळ आली तर तुमच्या हातात काय राहणार?

७. ‘तुमच्या गावाला येत नाही’ याची तयारी ठेवा

शहरातल्या दुकानदाराला सारंगखेडा कुठे आहे ते माहीत नसतं. यात्रेच्या बातम्यांमुळे हल्ली काहींना नाव ऐकून माहीत असतं, एवढंच. कुरिअरवाले पार्सल तालुक्याला आणून ठेवतात आणि ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा मारून परत पाठवतात. म्हणून पहिल्याच फोनवर ठरवून घ्या: पोस्टाने येणार, कुरिअरने की बसने? पोस्टमन गावात रोज येतो, म्हणून छोटा माल पोस्टाने. सायलेन्सर, मडगार्ड असं अवजड सामान रात्रीच्या ट्रॅव्हल्सने शहाद्यापर्यंत आणि तिथून स्वतः जाऊन. त्या गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन दुकानदाराने स्वतःहून कळवला तर तो माणूस धंद्यात मुरलेला समजा. गाडी लागली की स्टँडवरच्या पानवाल्याचा अहिराणीत फोन येतो, ‘भाऊ, तुना माल उना.’ एवढी सेवा कुठलं ॲप देणार?

पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा. आधी चारही बाजूंनी खोका, वरची पावती, मग कापणं, मग आतली प्रत्येक वस्तू, हे सगळं न थांबता. बहुतेक दुकानदार फुटका माल बदलून देताना हाच पुरावा मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. हेडलाइटची काच कुरिअरने फोडली की तुम्ही उघडताना फोडली, हे त्यांनी कसं ठरवायचं?

८. बसवण्याआधी मोजा, जुना पार्ट परत मागा

एकदा पार्ट बसवला, त्याला ऑइल लागलं, पान्याचे ओरखडे उठले, की परत घ्यायला कोणी राजी होत नाही. नवा आणि जुना शेजारी ठेवून दात्यांची संख्या, भोकांमधलं अंतर, जाडी ताडून घ्या. जुन्या बुलेटवाल्यांनी तर आटेही बघावेत. तिच्यात जागोजागी इंग्रजी मापाचे आटे होते आणि मिलिमीटरचा बोल्ट त्यात जबरदस्तीने फिरवला की केसिंगच जातं.

कॉइल, कंडेन्सर, रेग्युलेटर यांसारखा विजेचा माल बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. सुरुवातीला मला हा अन्याय वाटायचा. पण जुन्या गाडीचं वायरिंग उंदराने कुरतडलेलं असतं, त्यात नवी कॉइल जळते आणि खापर दुकानदारावर फुटतं. म्हणून आता आधी वायरिंग मीटरने तपासून घेतो आणि मगच कॉइल मागवतो.

काढलेला जुना पार्ट मिस्तरीकडून परत मागून घ्या. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. पुढच्या वेळी माप सांगायला तोच नमुना लागतो.

९. तक्रार करायची तर कागदावर, आणि ठरलेल्या वाटेने

एका दुकानाने रोडकिंगच्या म्हणून भलत्याच मॉडेलच्या क्लच प्लेटा पाठवल्या. फोनवर उत्तर, ‘विकलेला माल परत घेत नाही, बिलावर छापलंय.’ मी आवाज चढवला नाही. बिलाचा फोटो, प्लेटांचा जुन्या प्लेटांसोबतचा फोटो आणि चार ओळींचं पत्र पाठवलं. काय मागवलं, काय आलं, काय हवंय आणि किती दिवसांत, एवढंच त्यात लिहिलं. प्लेटा बदलून आल्या.

त्या चार ओळींमागे कायद्याचं बळ होतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. ऑनलाइन विक्री असेल तर तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची, असा नियम आहे.

आपल्यासारख्या गावाकडच्या माणसाला सगळ्यात उपयोगी तरतूद वेगळीच आहे. दुकान पुण्यात असो की दिल्लीत, दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला १९८६ साली २४ डिसेंबरला मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. आपल्याकडे बहुतेकदा तो यात्रेच्या आसपासच येतो आणि गर्दीत कोणाच्या लक्षातही राहत नाही.

१०. गिऱ्हाईक म्हणून आपणही नीट वागा

हा धडा फारसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम शेवटी. खास दुकानदाराच्या दिवसाचा मोठा भाग फुकट सल्ला देण्यात जातो. अर्धा तास फोनवर बोलून दुखणं त्याच्याकडून समजून घ्यायचं आणि पार्ट दहा रुपये स्वस्त दिसला म्हणून दुसरीकडून मागवायचा, हे मी अनेकांना करताना पाहिलं आहे. ज्याने प्रश्न विचारून दुखणं शोधलं, त्याच्याकडूनच घ्यायचं, हा माझा नियम. त्या दहा रुपयांत पुढच्या वेळचा सल्लाही आला.

काम झालं की कळवा. ‘काका, सील बसवलं, धूर थांबला’ एवढा निरोप पुरतो. त्यांनाही पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायला आधार मिळतो. पार्ट बिघडला तर तेही सांगा, म्हणजे तो माल ते पुन्हा भरत नाहीत.

आणि चांगल्या दुकानदाराचं नाव चारचौघांत सांगा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आंतरराष्ट्रीय जावा दिन असतो. ठिकठिकाणचे जावा-येझदीवाले गाड्या घेऊन जमतात आणि कोणाकडे काय मिळतं याची देवाणघेवाण होते. माझ्या वहीतले निम्मे नंबर अशाच ओळखींतून आले. ही दुकानं बहुतेक म्हाताऱ्या माणसांची आहेत आणि पोरांना त्यात रस नाही. दुकान बंद झालं की माल भंगारात जातो आणि कोणत्या गाडीला काय लागतं ते त्या माणसाबरोबर जातं. आपण टिकाऊ गिऱ्हाईक राहिलो, वेळेवर पैसे दिले, आणखी चार गिऱ्हाइकं पाठवली, तरच पुढची पिढी त्या काउंटरमागे बसायचा विचार करील. नाहीतर पुढच्या वेळी क्लच प्लेट मागितली की स्प्लेंडरचीच घ्यावी लागेल, आणि ती बसणार नाही.